नवा सेन्सर टाकला तरी चेक लाइट परत लागतो? आधी कपलर उघडून बघा

तक्रार अशी असते: मीटरमध्ये इंजिनचा पिवळा दिवा लागतो. गॅरेजमध्ये स्कॅनर लावला की ऑक्सिजन सेन्सरचा कोड येतो. सेन्सर बदलतात, कोड पुसतात, दिवा जातो. पंधरा दिवस, फार तर महिना बरा जातो. मग एखाद्या पावसाळी सकाळी किल्ली फिरवली की दिवा पुन्हा हजर. मालक म्हणतो सेन्सर डुप्लिकेट होता, गॅरेजवाला म्हणतो कंपनीचाच टाकलाय, आणि दोघंही खरं बोलत असतात.

मी मेकॅनिक नाही. माझा धंदा पाण्याच्या पंपांच्या मोटारी वाइंडिंग करण्याचा, मालवण तालुक्यात. पण मीटर हातात असतो म्हणून लोक गाड्याही दाखवतात, आणि गेल्या काही वर्षांत हा एकच आजार इतक्या गाड्यांत पाहिला की एकदा सगळं नीट लिहून ठेवावं असं वाटलं.

सुरुवात देवबागच्या अण्णांपासून करतो. त्यांचं न्याहारी-निवास आहे आणि कुडाळ स्टेशनवरून पर्यटक आणायला एक पेट्रोल हॅचबॅक, २०१८ची. कंपनीचं नाव घेत नाही, कारण दोष कंपनीचा नव्हताच. देवबाग ज्यांनी पाहिलंय त्यांना ठाऊक आहे: एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्लीची खाडी, मध्ये जमिनीची चिंचोळी पट्टी. तिथे गाडी कुठेही उभी केली तरी खाऱ्या वाऱ्यातच. जुलैमध्ये पहिल्यांदा दिवा लागला, कोड पी०१४१. गाडीत असे दोन सेन्सर असतात, एक पुढे, एक मागे; गॅरेजने मागचा बदलला. ऑगस्टच्या शेवटी, गणपतीच्या गडबडीत, परत तोच कोड. पुन्हा सेन्सर. दोन्ही मिळून नऊ हजार. सप्टेंबरात अण्णा माझ्या दारात: “ह्या सेन्सराक झाला तरी काय? दोन महिन्यांत दुसरो गेलो!”

मी पहिलं काम केलं ते गाडीला हातही न लावता. काढलेले दोन्ही सेन्सर मागवले. अण्णांनी ते डिकीत टाकून ठेवले होते, हे नशीब. जुना काढलेला भाग गॅरेजमध्ये कधी सोडून येऊ नका, हा माझा सगळ्यांनाच हट्ट. सेन्सरच्या चार वायरींपैकी दोन एकाच रंगाच्या असतात, बहुतेक पांढऱ्या. त्या हीटरच्या. मीटर ओहमवर ठेवून त्या दोघींमध्ये मोजलं. एकात नऊ, दुसऱ्यात नवाच्या जरा वर. हीटर जळलेला असता तर मीटरने काहीच दाखवलं नसतं, वाट तुटलेली म्हणून. दोन्ही सेन्सर जिवंत होते.

आता हा कोड काय सांगतो ते बघू. पी०१४१ याचा अर्थ ‘मागचा सेन्सर गेला’ असा लावला जातो. तो अर्थ नाही. तो म्हणतो की मागच्या सेन्सरच्या हीटरच्या सर्किटमध्ये गडबड आहे. सर्किटमध्ये हीटर आला, तसा फ्यूज आला, रिले आला, दोन-तीन मीटर वायर आली, कपलर (दोन वायरींची टोकं जोडणारा प्लग) आला, आणि शेवटी ईसीएमच्या, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरच्या, आतला तो स्विच आला जो हीटरचं दुसरं टोक अर्थला जोडतो. या सगळ्या साखळीतली कुठलीही कडी निसटली तरी कोड तोच. पंप बंद पडला म्हणून कोणी मला बोलावलं आणि मी न बघता मोटारच नवी घ्या म्हणालो, तर गावात मला दुसऱ्यांदा कोण बोलावणार? पण गाडीच्या बाबतीत आपण हे निमूट मान्य करतो, कारण स्क्रीनवर इंग्रजीत सेन्सरचं नाव आलेलं असतं.

हीटर लागतो कशाला हेही सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. सायलेन्सरच्या पाइपात बसलेला हा सेन्सर जळून गेलेल्या वायूत किती ऑक्सिजन उरलाय ते बघतो. त्याच्या आत झिर्कोनियाचं सिरॅमिक असतं आणि ते साधारण ३०० अंश सेल्सिअसच्या पुढे तापल्याशिवाय बोलत नाही. बॉशने हा सेन्सर पहिल्यांदा १९७६ साली व्होल्वोच्या गाड्यांत दिला. सुरुवातीच्या सेन्सरांना हीटर नव्हताच, एकच वायर असायची, आणि सायलेन्सर तापेपर्यंत ईसीएम आंधळाच चालायचा. आता हीटर असल्यामुळे मिनिटभरात सेन्सर कामाला लागतो. त्यामुळेच हीटरची तपासणी ईसीएम बहुधा गाडी थंड असताना, सुरू केल्या केल्या करतो. अण्णांच्या गाडीत कोडसोबत साठवलेली नोंद, म्हणजे फ्रीझ फ्रेम, वाचली: वेग शून्य, कूलंट २७ अंश. सकाळी अंगणातच दिवा लागलेला. रात्रभर पाऊस.

मग गाडीखाली गेलो. पुढच्या सेन्सरचा कपलर इंजिनच्या वर, त्यातल्या त्यात कोरड्या जागी होता. मागचा मात्र तळाखाली, चाकाने उडालेलं पाणी थेट आदळेल असा. कपलर सोडवला. सेन्सरच्या बाजूच्या पिना नव्याकोऱ्या, चकचकीत. त्या महिन्यापूर्वीच आल्या होत्या ना! गाडीच्या वायरिंगच्या बाजूचा अर्धा कपलर मात्र २०१८चाच. त्यात डोकावलो तर चारपैकी दोन घरांत हिरवट पांढरी पूड. पितळेच्या भांड्यात ताक ठेवलं की कळकतं, नेमका तोच रंग.

इथेच सगळ्या गोंधळाची किल्ली आहे. सेन्सर बदलताना कपलर एकदा ओढून काढला जातो आणि परत दाबून बसवला जातो. त्या घासण्याने पिनेवरचा कळक थोडा खरवडला जातो. तेवढ्यावर दोन-चार आठवडे वीज नीट जाते. म्हणजे दिवा गेला तो नव्या सेन्सरमुळे नव्हे, कपलर हलवल्यामुळे. सेन्सर न बदलता नुसता कपलर काढून परत लावला असता तरी दिवा तितकेच दिवस गेला असता. ‘बदलल्यावर बरं झालं’ हा पुरावा वाटतो, पण तो पुरावा नाही. तुमच्या गाडीत हे झालंय का ते ओळखायचं असेल तर एवढंच बघा: नवा सेन्सर टाकल्यावर दिवा ठरावीक दिवसांनी परत येतो का, आणि येतो तो ओल असलेल्या दिवशी, थंड इंजिनवर येतो का. दोन्हीला हो असेल तर तिसरा सेन्सर घेऊ नका.

मीटर खोटं बोलतो तेव्हा

कपलर पाहून मी खूश झालो आणि तिथेच चुकलो. पिना साफ केल्या, मीटर व्होल्टवर ठेवला, इग्निशन चालू, काळी दांडी बॅटरीच्या निगेटिव्हला, लाल दांडी हीटरच्या सप्लाय पिनेला. साडेबारा व्होल्ट. छान. कपलर लावला, कोड पुसला, अण्णांना पाठवून दिलं. सहाव्या दिवशी फोन: “दिवो परत लागलो रे!”

ही चूक माझ्यासारख्याने करायला नको होती. आमच्याकडे वाडीच्या टोकाला असलेल्या घरात पंप बंद असताना मीटर २३० व्होल्ट दाखवतो आणि पंप सुरू केला की व्होल्टेज बसतं, हे मी आयुष्यभर बघतोय. कारण मीटर स्वतः वीज जवळजवळ घेतच नाही. वायरच्या वीस तारांपैकी एक जरी शिल्लक असली तरी मीटरला पूर्ण व्होल्टेज दिसतं. हीटर मात्र एक-सव्वा अँपिअर ओढतो. त्या एका तारेतून तेवढं जात नाही, व्होल्टेज तिथल्या तिथे पडतं, आणि ईसीएम म्हणतो सर्किट खराब.

म्हणून भार टाकून तपासायचं. इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब घ्या, त्याला दोन वायरी जोडा, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं टोक कपलरमधल्या हीटरच्या सप्लाय पिनेला. हा बल्ब पावणेदोन अँपिअरच्या आसपास ओढतो, म्हणजे हीटरपेक्षा थोडा जास्तच. बल्ब लख्ख पेटला आणि पेटलेला असताना मीटर बॅटरीपेक्षा अर्ध्या व्होल्टच्या आतलाच फरक दाखवत असेल तर सप्लायची बाजू ठीक. अण्णांच्या गाडीत बल्ब काजव्यासारखा मिणमिणला आणि व्होल्टेज सातवर आलं.

दोन सूचना, आणि दोन्ही महत्त्वाच्या. काही गाड्यांत हा सप्लाय इंजिन चालू असतानाच येतो, तेव्हा नुसत्या इग्निशनवर बल्ब पेटला नाही म्हणून वायर तुटली असं ठरवू नका. आणि हा बल्ब फक्त सप्लायच्या पिनेला लावायचा. हीटरची दुसरी पिन ईसीएममध्ये जाते, उरलेल्या दोन पिना सिग्नलच्या. तिथे भार टाकलात तर ईसीएमचं नुकसान होईल, आणि मग नऊ हजारांचं दुःख लहान वाटेल.

कपलरपासून मागे वायर दाबत गेलो. दीडेक इंचावर ती हाताला मऊ लागली. वरचं प्लास्टिक अखंड, पण आत तांब्याचा काळा चुरा. खारं पाणी कपलरच्या तोंडातून शिरतं आणि बारीक तारांच्या फटींतून, दिव्याच्या वातीत तेल चढावं तसं, वायरच्या आत वर चढत जातं. मीठ ओल धरून ठेवतं, त्यामुळे ऊन पडलं तरी आतून वायर वाळत नाही. बाहेरून वायर नवीसारखी दिसते. किनाऱ्यावरच्या गाडीत पिना घासून काम संपत नाही, ते यामुळे.

दुरुस्ती अशी केली. वायर मागे कापत गेलो, लाल चकचकीत तांबं दिसेपर्यंत. अण्णांच्या गाडीत चार इंच कापावी लागली. मग नवा कपलर, वायरच्या शेपटीसकट, जोडला. जोड क्रिम्प केला, म्हणजे धातूच्या नळीत दाबून बसवला, आणि वर आतून गोंद असलेली, तापवल्यावर आकसणारी स्लीव्ह चढवली. साधी काळी टेप लावू नका, पहिल्या पावसात तिचा गोंद सुटतो आणि ती उलट पाणी धरून बसते. शेवटी वायर अशी बांधली की कपलरच्या आधी तिला खाली एक झोळ राहील. वायरवरून ओघळणारं पाणी त्या झोळाच्या तळाशी थेंबाथेंबाने गळून जातं, वर कपलरपर्यंत चढत नाही. पन्हळ बसवणाऱ्या माणसाला हे शिकवावं लागत नाही, पण गाडीच्या वायरिंगमध्ये कोणी बघत नाही.

सेन्सरच्या बाजूच्या वायरी मात्र कापायच्या नाहीत, डाग (सोल्डर) द्यायचा नाही, आणि कपलरमध्ये ग्रीस कोंबायचं नाही. अनेक सेन्सर तुलनेसाठी लागणारी बाहेरची स्वच्छ हवा आपल्या वायरींच्या आतूनच घेतात. ती वाट बंद झाली तर चांगला सेन्सर चुकीचं बोलायला लागतो. वायरिंग साफ करायला लोक सढळ हाताने स्प्रे मारतात, तोही याच कारणाने इथे जपून.

दुरुस्तीनंतर दिवा लागतोय का याची वाट बघत बसू नका. बहुतेक गाड्यांत हा दोष लागोपाठ दोन फेऱ्यांत दिसला तरच दिवा लागतो. पहिल्या फेरीत तो ‘पेंडिंग’ म्हणून नोंदला जातो. स्वस्तातला ब्लूटूथ अॅडॉप्टर आणि मोबाइलवरचं अॅप पेंडिंग कोड दाखवतात. स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटमध्ये तो बसतो. आपल्याकडे २०१३च्या एप्रिलपासूनच्या गाड्यांत ओबीडी-२, म्हणजे गाडीने स्वतःचे दोष ओळखून कोड देण्याची पद्धत, बंधनकारक आहे, त्यामुळे त्यानंतरच्या जवळपास सगळ्या गाड्यांत चालतो. तीन-चार थंड सकाळी गाडी सुरू करा, पेंडिंगमध्ये काही नसेल तर काम झालं.

आणि कोड पुसण्याआधी लिहून घ्या. कोड, फ्रीझ फ्रेम, सगळं. बॅटरीची तार काढून दिवा घालवणं म्हणजे चोरी झाल्यावर पोलीस येण्याआधी घर झाडून काढणं.

बाकीचे कोड

सगळेच कोड कपलरचे नसतात, तेव्हा थोडं या भाषेविषयी. पी म्हणजे इंजिन-गिअरबॉक्स. त्यानंतरचा शून्य म्हणजे सगळ्या कंपन्यांना समान कोड. तिथे एक असेल तर तो बहुधा त्या कंपनीचा स्वतःचा, आणि त्याचा अर्थ अॅपमध्ये चुकीचा दिसू शकतो. ‘बँक १’ वाचून घाबरायचं कारण नाही, बँक म्हणजे सिलिंडरची रांग. आपल्या चार सिलिंडरच्या गाड्यांत बहुधा एकच बँक असते. ‘सेन्सर १’ कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या, म्हणजे धुरातले विषारी वायू कमी करणाऱ्या डब्याच्या, आधीचा, ‘सेन्सर २’ नंतरचा. गॅरेजमध्ये पुढचा-मागचा म्हणतात तेच.

पी०१३५ पुढच्याच्या हीटरचा, पी०१४१ मागच्याच्या. हे दोन्ही एकाच दिवशी आले तर आधी फ्यूज बघा. दोन हीटर एकाच मुहूर्तावर मरत नाहीत, पण दोघांना वीज बहुतेक वेळा एकाच फ्यूजमधून जाते. फ्यूज उडालेला दिसला तर नवा टाकून हात झटकू नका. तो का उडाला? वायर कुठेतरी सायलेन्सरला टेकून वितळलीय का, किंवा उंदरांनी काही केलंय का?

उंदरांचा विषय निघालाच आहे तर सांगतो. मुंबईहून गणपतीला आलेल्या गाड्या घराच्या मागे, लाकडांच्या राशीजवळ पाच-सात दिवस उभ्या असतात. जाताना कशेडी घाटाच्या आसपास कुठेतरी दिवा लागतो आणि मग गावाकडे फोन येतो. उंदराने खाल्लेली वायर दिसायला सोपी असते, कुरतडल्याचे दात स्पष्ट कळतात आणि एअर फिल्टरच्या डब्याजवळ काथ्या-चिंध्यांचं घरटं सापडतं. कोड मात्र एकदम तीन-चार येतात, त्यांचा एकमेकांशी संबंध लागत नाही. असा घोळका दिसला की सेन्सरचा विचारही न करता आधी बॉनेट उघडा.

पी०१३१ आणि पी०१७१ हे दोन कोड जोडीने आले तर गोष्ट वेगळी. पहिला म्हणतो सेन्सरचं व्होल्टेज खालीच राहतंय, दुसरा म्हणतो मिश्रणात पेट्रोल कमी, हवा जास्त. इथे सेन्सर बहुधा खरंच सांगत असतो. साध्या प्रकारचा सेन्सर ऑक्सिजन जास्त असला की ०.१ व्होल्टकडे जातो, पेट्रोल जास्त असलं की ०.९कडे. मधला उंबरठा ०.४५चा. आता समजा सेन्सरच्या आधी सायलेन्सरला भोक पडलंय किंवा मॅनिफोल्डचं (इंजिनमधून धूर बाहेर काढणाऱ्या नळ्यांचं) पॅकिंग गेलंय. झटक्याझटक्याने वाहणारा वायू प्रत्येक झटक्यामागे बाहेरची हवा आत ओढतो. सेन्सरला तो ऑक्सिजन दिसतो, ईसीएमला वाटतं पेट्रोल कमी पडतंय, तो आणखी पेट्रोल ओततो. गाडीचं अॅव्हरेज उतरतं आणि कोड मात्र ‘पेट्रोल कमी’ म्हणतो! किनाऱ्यावर सायलेन्सर देशावरच्या गाड्यांपेक्षा फार लवकर सडतो, त्यामुळे हा प्रकार आमच्याकडे सर्रास.

तपासायला अंगणात एक थंड सकाळ पुरते. गाडी सुरू करा, कोणीतरी जाड ओला फडका मागच्या नळीवर काही सेकंद दाबून धरा, आणि दुसऱ्याने पुढे कान द्या. गळती असेल तर फसफस ऐकू येते. काजळीचा काळा फराटाही जागा दाखवतो. सायलेन्सर तापल्यावर धातू फुगतो आणि बारीक भेग बंद होते, म्हणून थंड असतानाच बघायचं. तिथे काही नाही मिळालं तर मग इनटेककडची, म्हणजे इंजिन हवा आत घेतं त्या बाजूची, व्हॅक्यूमची नळी चिरली आहे का ते बघा. रबर आमच्या हवेत टिकत नाही.

पी०१७१ला अलीकडे एक नवं कारण जोडलं गेलंय: वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल. साध्या पेट्रोलच्या एका भागाला जळायला वजनाने १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला नऊच्या आसपास. म्हणजे इथेनॉल मिसळलं की तेवढ्याच हवेला पेट्रोल जास्त सोडावं लागतं. अॅपमधला ‘लाँग टर्म फ्युएल ट्रिम’, म्हणजे ईसीएम पेट्रोल किती टक्के वाढवतो-घटवतो तो आकडा, त्यामुळे जुन्या गाडीत काही टक्के वर दिसतो. तो एकटाच असेल तर आजार नाही. पण आधीच बारीक गळती असलेल्या गाडीत तो शेवटची काडी ठरतो. ट्रिम दहाच्या आत असेल तर मी गाडीला हात लावत नाही, वीसच्या पुढे असेल तर शोधायलाच लागतो. सीएनजीवाल्यांनी आधी गाडी दोन दिवस फक्त पेट्रोलवर चालवावी. दिवा गॅसवरच लागत असेल तर गॅसकिटवाल्याकडे जा, सेन्सरवाल्याकडे नको.

खराब सेन्सर असतातच, हेही सांगायला हवं, नाहीतर मी सगळं खापर वायरींवर फोडतोय असं वाटेल. पी०१३३, म्हणजे सेन्सर संथ झालाय. एक-दीड लाख किलोमीटर झालेल्या गाडीत हा कोड आला, गळती नसली, की मी सेन्सर बदलायला सांगतो. खात्री करायची असेल तर इंजिन पूर्ण तापवून अॅपमध्ये पुढच्या सेन्सरचा आलेख लावा. दोन-अडीच हजार आरपीएमवर तो सतत वरखाली नाचायला हवा. अॅक्सिलरेटर एकदम दाबला की ०.८च्या वर, सोडला की शून्याच्या जवळ, लगेच. उडी घेतो पण रेंगाळत, तर म्हातारा झालाय. मधेच ०.४५ला चिकटून बसलाय आणि हलतच नाही, तर परत वायर किंवा हीटर. मात्र बऱ्याच नव्या गाड्यांत पुढे वाइड बँड प्रकारचा सेन्सर असतो. तो असा नाचत नाही, त्याचे आकडेही वेगळे. त्याला नाचत नाही म्हणून फाशी देऊ नका, तिथे ट्रिम बघूनच ठरवायचं.

सेन्सर अकाली मरायचं एक कारण मी डोळ्यांनी पाहिलंय: इंजिनचं पॅकिंग बसवताना वापरलेला साधा सिलिकॉन गोंद. त्याची वाफ इंजिनातून सायलेन्सरमध्ये जाते आणि सेन्सरच्या टोकावर पांढरा थर धरते. इंजिन उघडल्यानंतर महिनाभरात सेन्सर गेला असेल तर काढून टोक बघा. ऑक्सिजन सेन्सरला चालणारा गोंद वेगळा मिळतो, नळीवर तसं लिहिलेलं असतं.

आणि पी०४२०. हा कोड आला की लोक मागचा सेन्सर बदलतात, कारण तो कन्व्हर्टरपेक्षा स्वस्त. आशा वाईट असते. कोड म्हणतो कन्व्हर्टरचं काम घसरलंय. पुढच्या-मागच्या दोन्ही सेन्सरचे आलेख एकाखाली एक लावा. पुढचा नाचतोय आणि मागचा संथ, वरच्या बाजूला स्थिर, तर कन्व्हर्टर ठीक आहे, गळती शोधा. मागचाही पुढच्याच्या तालावर नाचायला लागला तर कन्व्हर्टर गेला. आमच्याकडे तो जातो त्यामागे एक खास कारण असतं: लांबून येऊन तापलेला सायलेन्सर घेऊन गाडी पऱ्यात (ओढ्यात) किंवा पाणी भरलेल्या रस्त्यात घालणं. आतलं सिरॅमिक गार पाण्याच्या झटक्याने तडकतं, मग सायलेन्सर हलवला की आत खुळखुळा वाजतो. सेन्सरचं सिरॅमिकही तसंच तडकू शकतं.

तारकर्लीच्या वाळूत गाडी उतरवून लाटांत फोटो काढणाऱ्यांना काय सांगायचं, मला कळत नाही. एवढंच करा, त्याच दिवशी गोड्या पाण्याने गाडीचा तळ धुवा. पण प्रेशरची तोटी कपलरवर धरू नका, नाहीतर मीठ आत ढकलायला पैसे मोजल्यासारखं होईल.

दिवा नुसता पेटलेला असेल तर गाडी हळूहळू घरी नेता येते. दिवा उघडझाप करत असेल आणि गाडी मिसिंग करत असेल तर थांबा. न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि तो लालबुंद होतो. ते गॅरेज येईपर्यंत चालवत नेण्याचं काम नाही. घाटात असाल तरी.

सेन्सर खरंच काढायचाच असेल तर २२चा पाना लागतो, आणि वायर जाण्यासाठी कापलेली खास गोटी (सॉकेट पाना) असली तर उत्तम. गंजलेल्या सायलेन्सरमध्ये तो रुतून बसतो. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारा, सकाळी इंजिन थोडं कोमट करून फिरवा. जोर लावून आटे गेले तर सायलेन्सरचा तो तुकडाच बदलावा लागेल. नव्याच्या आट्यांना कंपनीने लेप लावलेला असतो, तो पुसू नका आणि टोकाला लागू देऊ नका.

अण्णांची गाडी त्यानंतर दोन पावसाळे काढून बसलीय. दुसऱ्या पावसाळ्यात मी एकदा बल्ब लावून पाहिला, लख्ख पेटला. मी जेव्हा त्यांना सांगितलं होतं की सेन्सर दोन्ही चांगले निघाले, तेव्हा ते म्हणाले, “म्हणजे नऊ हजार पाण्यात गेले?” आणि मग स्वतःच, “पाण्यात नाय, खाऱ्या पाण्यात.” पण अगदीच गेले नाहीत. गेल्या मे महिन्यात त्यांच्या भाच्याच्या त्याच मॉडेलच्या गाडीचा मागचा सेन्सर खरोखर मेला, हीटरची वाट तुटलेली, मीटर गप्प. आम्ही डिकीतून काढून ठेवलेल्यांपैकी एक बसवला. आत्तापर्यंत दिवा नाही.